‘डायस्पोरा’ : एका शब्दाची पांगापांग

इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या शब्दांच्या ढोबळमानाने दोन जाती करता येतील. काही शब्द मागल्या दाराने येतात. कप, स्टोव्ह, तिकीट, स्टेशन ह्यांना कोणी समारंभाने बोलावून आणले नाही. ते कामाला लागले, घरातल्या माणसांत मिसळले आणि त्यांचे परकेपण पुढे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. दुसरे शब्द येतात ते पुढल्या दाराने, अंगावर व्याख्यात्याचा कोट चढवून. त्यांना आपण खुर्ची देतो, त्यांचे बोलणे ऐकून माना डोलावतो आणि ते उठून गेल्यावर एकमेकांना विचारतो, ‘हे नक्की काय म्हणाले?’ ‘डायस्पोरा’ हा शब्द ह्या दुसऱ्या जातीतला.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ह्या शब्दाने आपल्याकडे चांगलाच जम बसवला आहे. विद्यापीठांतल्या प्रबंधांत तो आहे, परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिकांवर तो आहे, मंत्र्यांच्या परदेश-दौऱ्यांच्या बातम्यांत तर तो हटकून आहे. कोणी तो माणसांना उद्देशून वापरतो आणि म्हणतो, ‘भारतीय डायस्पोराने पाहुण्यांचे स्वागत केले.’ कोणी तो त्या माणसांच्या अवस्थेला लावतो. कोणी ती माणसे जेथे राहतात त्या मुलखालाच डायस्पोरा म्हणतो. माणूस, त्याची दशा आणि त्याचा पत्ता ही तिन्ही कामे एकच शब्द करू लागला, म्हणजे त्याच्याकडे जरा निरखून पाहणे भाग पडते.

हा उद्योग केवळ शब्दपंडितांचा आहे, असे कोणी समजू नये. ज्यातले कोणीच दूरदेशी गेलेले नाही असे घर आज आपल्या शहरांत शोधावे लागते. दिवाळीच्या आधी तीन आठवडे चकल्या-करंज्यांचे डबे बांधून विमानाने रवाना होतात, आणि त्या डब्यांवर ज्यांची नावे लिहिलेली असतात त्यांनाच हा शब्द लावला जात आहे. आपल्याच माणसांना कोणत्या नावाने हाक मारावी, हा घरचा प्रश्न आहे.

शब्द मूळचा ग्रीक. त्यातल्या ‘डिया’चा अर्थ आरपार, चहूकडे, आणि पुढच्या धातूचा अर्थ बी पेरणे, विखरून टाकणे. पाभरीने ओळीत पेरणे वेगळे आणि मुठीने बी फोकणे वेगळे. ह्या शब्दात फोकणे अभिप्रेत आहे. ह्याच धातूची इतर लेकरे आपल्या ओळखीची आहेत. बुरशीच्या आणि नेच्यांच्या बीजाणूंना इंग्रजीत ‘स्पोर’ म्हणतात, तो शब्द ह्याच कुळातला. तुरळक, येथे-तेथे घडणाऱ्या गोष्टीला ‘स्पोरॅडिक’ म्हणतात, तोही. एजियन समुद्रातल्या काही बेटांना ‘स्पोरॅडीस’ म्हणजे विखुरलेली बेटे असे नाव आहे.

वनस्पतिशास्त्रात तर ‘डायस्पोर’ हा शब्द आजही आपले मूळचे काम इमानाने करतो. झाडापासून सुटून दूर जाणारा आणि तेथे रुजू शकणारा जो भाग, तो डायस्पोर. मुले जिच्यामागे धावतात ती रुईची म्हातारी म्हणजे डायस्पोर. तेरड्याचे बोंड पिकले की बोट लागताच फुटते आणि बिया उडवते. नारळ समुद्रावर तरंगत जातो आणि परक्या किनाऱ्यावर रुजतो. खनिजशास्त्रातही एक डायस्पोर आहे. हे खनिज तापवले की तडतडून त्याच्या ठिकऱ्या चहूकडे उडतात, म्हणून आयुई ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०१ साली त्याला हे नाव दिले. दिवाळीच्या दिवसांत ह्या नावाची सार्थकता पटवून देण्याची गरज नाही.

ह्या दोन उदाहरणांतच शब्दाचे दोन चेहरे दिसतात. रुईची म्हातारी उडते ती रुजण्यासाठी. खनिजाच्या ठिकऱ्या उडतात त्या उडूनच संपतात. शेतकरी मूठभर बी शिवारात टाकतो आणि आकाशाकडे आशेने पाहतो. तेच बी बाजाराच्या वाटेवर पोते फाटून सांडले, तर तो कपाळाला हात लावतो. दोन्ही वेळी दाणे विखुरलेलेच असतात. विखुरणे म्हणजे पेरणे की सांडणे, हा प्रश्न ह्या शब्दाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे, आणि आजच्या बहुतेक गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

शब्दाला इतिहासात प्रतिष्ठा मिळाली ती एका भाषांतरामुळे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ईजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया नगरीत ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. सत्तर किंवा बहात्तर पंडितांनी ते केले अशी आख्यायिका असल्याने त्याला ‘सेप्टुआजिंट’, म्हणजे सत्तरांचे भाषांतर, हे नाव पडले. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात देवाची आज्ञा मोडणाऱ्यांना शाप सांगितले आहेत. मूळ हिब्रूत एका शापाचा आशय असा, की तुमची दशा पाहून पृथ्वीवरच्या राज्यांचा थरकाप उडेल. भाषांतरकारांनी थरकापाच्या जागी ‘डायस्पोरा’ घातला, आणि मग अर्थ झाला तो असा, की राज्याराज्यांतून तुमची पांगापांग होईल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या राजाने जेरुसलेम उद्ध्वस्त करून तेथल्या लोकांना धरून नेले. त्या हद्दपारीसाठी हिब्रूत ‘गालुत’ असा स्वतंत्र शब्द आहे. पण भाषांतरकारांनी ‘गालुत’साठी सहसा ‘डायस्पोरा’ वापरला नाही. त्यासाठी त्यांनी बंदिवासाचे, स्थलांतराचे दुसरे ग्रीक शब्द निवडले. म्हणजे ज्या शब्दाला आज आपण हद्दपारीचा पर्याय समजतो, तो मुळात हद्दपारीचा पर्याय नव्हता. शिवाय हे भाषांतर करणारे स्वतःच मातृभूमीबाहेर, ग्रीक बोलणाऱ्या एका भरभराटीच्या बंदरात राहणारे लोक होते. शापाचा शब्द लिहिणारी लेखणी स्वतः रुजलेल्या बियाण्याची होती! पुढे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि परतीची वाट दुरावली. त्यानंतर मात्र शब्दावर दुःखाची पुटे चढत गेली, आणि डायस्पोरा म्हणजे देशोधडीला लागलेल्या ज्यूंची शतकानुशतकांची भ्रमंती, हा अर्थ पक्का झाला.

इंग्रजीने शब्द उचलला तो ह्याच अर्थाने. त्याचे पहिले अक्षर मोठे काढीत. विशेषनामाचा मान त्याला होता. हा मान पुढे हळूहळू वाटला गेला. १९३१ साली समाजशास्त्रांच्या एका मोठ्या ज्ञानकोशात सिमॉन दुबनोव ह्या ज्यू इतिहासकारानेच लिहिले, की हा शब्द केवळ ज्यूंपुरता ठेवण्याचे कारण नाही. १९१५ च्या कत्तलीनंतर देशोदेशी गेलेल्या आर्मेनियन लोकांना तो लागू झाला. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांना तो १९६५ साली दार-एस-सलाम येथल्या इतिहास परिषदेत जॉर्ज शेपर्सन ह्यांनी लावून दाखवला. ह्या सर्वांच्या बाबतीत मोठा आघात होता, पांगापांग होती आणि मागे राहिलेल्या घराची आठवण होती. शब्द ताणला गेला, पण फाटला नाही.

फाटू लागला तो त्यानंतर. १९९१ साली ह्याच नावाचे एक विद्वन्मान्य नियतकालिक निघाले आणि त्याच्या पहिल्या अंकात विल्यम सॅफ्रन ह्यांनी डायस्पोरा कोणाला म्हणावे ह्याच्या कसोट्या मांडल्या. एका केंद्रापासून एकाहून अधिक ठिकाणी झालेली पांगापांग, मूळ घराची जपलेली स्मृती, नव्या देशात आपण पुरते सामावलो नाही ही भावना आणि परतीचे स्वप्न, असा त्यांचा साधारण रोख. १९९७ साली रॉबिन कोहेन ह्यांनी आपल्या ग्रंथात आघाताने पांगलेल्यांबरोबर मजूर, व्यापारी आणि राज्यकर्ते म्हणून बाहेर गेलेल्यांनाही ह्या छत्राखाली घेतले. मग काय, दार उघडलेच! ज्या ज्या समाजाचे चार लोक परदेशी होते, त्या त्या समाजाचा डायस्पोरा झाला. अखेरीस २००५ साली रॉजर्स ब्रूबेकर ह्यांना ‘डायस्पोरा ह्या शब्दाचाच डायस्पोरा’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन निबंध लिहावा लागला. सगळेच डायस्पोरा झाले तर कोणीच डायस्पोरा उरणार नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

आता हा वाद आपल्या अंगणात आणून पाहू. भारत सरकारने २००० साली डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक उच्चस्तरीय समिती नेमली. तिच्या इंग्रजी नावातच ‘इंडियन डायस्पोरा’ हे शब्द होते. त्यापूर्वी, नेहरूंच्या काळात, परदेशी स्थायिक झालेल्यांनी त्या त्या देशाशी एकनिष्ठ राहावे असे धोरण होते. मायेचा हात होता, पण हक्काची हाक नव्हती. समितीच्या शिफारशीनंतर २००३ पासून ९ जानेवारीला ‘प्रवासी भारतीय दिवस’ साजरा होऊ लागला, कारण १९१५ साली ह्या दिवशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईस परतले होते. आज परराष्ट्र खात्याच्या हिशेबात ह्या समुदायाची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास जाते.

ह्या साडेतीन कोटींत कोण कोण आहेत? १८३४ पासून ‘गिरमिट’ म्हणजे अ‍ॅग्रिमेंट लिहून घेऊन मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांची पणतवंडे त्यांत आहेत. एकट्या मॉरिशसला सुमारे साडेचार लाख माणसे अशी गेली. पोर्ट लुई बंदरातल्या ज्या पायऱ्या चढून ती त्या भूमीवर उतरली, तो पूर्वीचा ‘कुली घाट’ आता ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरात आज क्रिओल भाषा बोलली जाते, पण मराठी शाळांतून शिकवली जाते आणि गणेशोत्सवाला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आणि त्याच साडेतीन कोटींत कालपरवा संगणकाची पदवी घेऊन, दोन मोठ्या बॅगा आणि एक कुकर बरोबर घेऊन अमेरिकेस गेलेला आपला भाचाही आहे. एकाने अंगठा उठवून पाच वर्षांचे आयुष्य गहाण टाकले. दुसऱ्याने मुलाखती देऊन नोकरी मिळवली. दोघांनाही घराची आठवण येते हे खरे. परंतु आठवण सारखी आहे म्हणून जाणेही सारखे होते काय? ‘डायस्पोरा’ हा शब्द ह्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो प्रश्नच पुसून टाकतो. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

उलट बाजूही पाहावी. कोयना धरणात ज्यांची गावे गेली, ती माणसे वेगवेगळ्या जिल्ह्यांत नेऊन वसवली गेली. आघात झाला, पांगापांग झाली, मागचे घर तर पाण्याखालीच गेले. परतीची वाट त्यांच्याइतकी कोणाचीच बुडाली नसेल. तरीही ‘कोयनेचा डायस्पोरा’ असे शब्द मी कोठे वाचलेले नाहीत. आपण त्यांना ‘धरणग्रस्त’ म्हणतो. म्हणजे विमानाने गेलेला तो डायस्पोरा आणि ट्रकमध्ये भांडीकुंडी टाकून गेलेला तो ग्रस्त! ज्या शब्दाचा जन्म शापात झाला, तो आपल्याकडे मानाची शाल झाला आहे, आणि ती शाल कोणाच्या खांद्यावर घालायची ते दुःखाकडे पाहून ठरत नाही, ऐपतीकडे पाहून ठरते.

ह्या शब्दाची खरी परीक्षा घ्यावयाची तर त्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे. फार पूर्वी येथे एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत समजूत आहे. ज्यांच्यासाठी ‘डायस्पोरा’ हा शब्द घडला, त्या ज्यू लोकांचीच ही मराठी शाखा. त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावांवरून त्यांची आडनावे पडली : पेणकर, नवगावकर, रोहेकर, केहिमकर. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाची त्यांची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यात चक्क मराठी कीर्तने होऊ लागली. आख्यान मोशेचे किंवा योसेफाचे, आणि थाट आपल्या हरिदासाचा. नवस फेडताना ते एलिया पैगंबराचे स्मरण करून पोहे-खोबऱ्याचा मलिदा वाटतात.

वल्हांडणाच्या विधीच्या शेवटी पुढले वर्ष जेरुसलेमला उजाडो अशा अर्थाची इच्छा ज्यू लोक जगभर व्यक्त करतात. कोकणातही ती पिढ्यान्‌पिढ्या व्यक्त होत राहिली. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली आणि पुढल्या दोन-तीन दशकांत ह्या समाजातले बहुतेक लोक खरोखरच तिकडे गेले. शास्त्राप्रमाणे डायस्पोरा संपला. बी मूळ शेतात परतले. पण झाले काय? १९६२ साली तेथल्या धर्मपीठाने त्यांच्या कुळाची चौकशी करावी असा दंडक घातला. विवाहाच्या वेळी त्यांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागू लागले. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. ज्यांना भारतात कोणी कधी त्यांच्या धर्मासाठी छळले नाही, त्यांना ‘घरी’ गेल्यावर दारात उभे राहून ओळख पटवावी लागली! त्याच इस्रायलमध्ये त्यांनी पुढे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. मायबोली मराठी आणि मायभूमी ती. मग पांगलेले ते कोठून आणि कोठे? कोकणातून पांगून ते इस्रायलला गेले, की इस्रायलहून पांगलेले परत आले? दोन्ही उत्तरे खरी आहेत. आणि ह्याच समाजातला इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल लंडनहून १९५२ साली मुंबईला परतला, इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर करण्यात सहभागी झाला आणि २००४ साली मुंबईतच वारला. त्याला कोणत्या डायस्पोरात बसवणार? ह्या घराण्यापुढे शब्दाची मापे उणी पडतात. विखुरणे हे एकदाच घडते आणि त्याला एकच केंद्र असते, हे त्या शब्दातले गृहीतच चुकीचे आहे, हे आपल्या नवगावने केव्हाच दाखवून दिले आहे.

सिंधी समाजाचे उदाहरण ह्याच्या शेजारी ठेवून पाहावे. सिंधमधल्या हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी एकोणिसाव्या शतकातच दूरदूरच्या बंदरांत पेढ्या थाटून बसले होते. ते स्वेच्छेने गेले होते आणि घर मागे शाबूत होते. १९४७ साली सगळा सिंध पाकिस्तानात गेला, आणि त्याच समाजातली लाखो माणसे निर्वासित होऊन इकडे आली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची वस्ती झाली. १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. एकाच समाजाच्या दोन पांगापांगी : एक पेरणीची, एक सांडण्याची. दोन्हींना एकच नाव दिले, की १९४७ हे साल इतिहासातून हळूच नाहीसे होते.

तर मग मराठीने काय करावे? पर्याय शोधणाऱ्यांनी खटाटोप कमी केलेला नाही. सरकारी ‘प्रवासी’ हा शब्द संस्कृताच्या दृष्टीने निर्दोष आहे. प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणे. परंतु मराठीत प्रवासी म्हटले की एस. टी. च्या फलाटावर वळकटीवर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि ‘प्रवासी भारतीय दिवस’ हा त्या बिचाऱ्याच्या सोयीसाठी असावा असा समज होतो. ‘अनिवासी’ हा आयकराच्या आणि परकीय चलनाच्या कायद्यातला शब्द; त्यात माणूस किती दिवस देशात होता ते कळते, त्याचे मन कोठे होते ते कळत नाही. ‘स्थलांतरित’ आपण रोहित पक्ष्यांनाही म्हणतो. ‘बृहन्महाराष्ट्र’ हा शब्द भरघोस आहे, पण त्यात विखुरण्याची कळ नाही, विस्ताराचा अभिमान आहे. तंजावर, बडोदे, इंदूर येथे राज्यकर्ते म्हणून गेलेल्यांना तो शोभतो.

ह्या शोधात एक शब्द मात्र आपल्या हाताशी असून दुर्लक्षित राहिला आहे. तो म्हणजे ‘परागंदा’. फारसीत परागंदा म्हणजे विखुरलेला, इतस्ततः झालेला. मराठीत त्याचा अर्थ झाला घरदार, गाव सोडून नाहीसा झालेला माणूस. ग्रीक शब्दाने जी वाट चालली तीच ह्यानेही चालली : आरंभी दाण्यांचे विखुरणे, शेवटी माणसाचे देशोधडीला लागणे. आणि ‘दाणादाण’ ह्या शब्दात तर दाणा उघडच दिसतो. ग्रीकांना जे शेतात सुचले ते आपल्यालाही शेतातच सुचले होते. परंतु म्हणून ‘डायस्पोरा’ काढून त्याजागी ‘परागंदा’ बसवा, असे मी सुचवणार नाही. न्यू जर्सीत दुमजली घर बांधलेल्या माणसाला परागंदा म्हटले तर तो आपल्याला फराळाला बोलावणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल.

खरी गोष्ट अशी आहे, की मराठीत ह्या अर्थाचा एक शब्द नाही, अनेक आहेत. आणि हे दारिद्र्य नसून श्रीमंती आहे. राजाच्या किंवा सावकाराच्या धाकाने गेला तो परागंदा. शिक्षा म्हणून घालवला तो हद्दपार. देश फाटला म्हणून आला तो निर्वासित. पाण्याने गाव गिळले तो धरणग्रस्त. करारावर नेला तो गिरमिटिया. आणि पोटासाठी कोकणातून मुंबईला गेला, पण गणपतीला आणि शिमग्याला हटकून घरी येतो तो चाकरमानी. गोव्याच्या गावागावांनी आपल्या मुंबईतल्या माणसांसाठी ‘कुड’ चालवले. एका गावाची माणसे परक्या शहरात एका छपराखाली राहावीत, त्यांचा गावचा संत आणि गावची जेवणाची चव सुटू नये, एवढ्यासाठी. ह्या प्रत्येक शब्दात माणूस का गेला ते सांगितलेले आहे. इंग्रजी शब्द तो कोठे गेला आणि आता तो कोण, एवढेच सांगतो. कारण गाळून परिणाम तेवढा सांगणारा शब्द परिसंवादाला सोयीचा असतो. घराला तो पुरा पडत नाही.

साहित्यविचारात ह्या गाळण्याचे तोटे विशेष दिसतात. अभिमन्यु अनत ह्यांची १९७७ सालची हिंदी कादंबरी ‘लाल पसीना’ मॉरिशसच्या गिरमिटियांची आहे. व्ही. एस. नायपॉल ह्यांच्या १९६१ सालच्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’मध्ये गिरमिटियांच्या त्रिनिदादमधल्या वंशातला एक माणूस आयुष्यभर स्वतःच्या घरासाठी धडपडतो. झुंपा लाहिरी ह्यांच्या ज्या कथासंग्रहाला २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्यात अमेरिकेतल्या सुशिक्षित बंगाली कुटुंबांचे एकाकीपण आहे. ‘डायस्पोरिक साहित्य’ ह्या एका फळीवर तिन्ही पुस्तके शेजारी लावली जातात, आणि मग समीक्षक तिन्हींत मायदेशाची ओढ शोधू लागतो. वस्तुतः मोहन बिस्वासला ओढ आहे ती भारताची नव्हे, त्रिनिदादमधल्याच चार भिंतींची. त्याचे दुःख पांगण्याचे नसून न रुजण्याचे आहे. फळीवरची चिठ्ठी वाचून पुस्तक वाचले, म्हणजे पुस्तकात जे नाही ते दिसते आणि जे आहे ते निसटते.

ह्याचा अर्थ ‘डायस्पोरा’ हा शब्द उंबऱ्यावरूनच परत पाठवावा असा नाही. त्याच्यापाशी एक गोष्ट अशी आहे, की जी आपल्या कोणत्याच शब्दात नेमकी नाही. परागंदा एकटा असतो, निर्वासितही आपल्या कुटुंबापुरता असतो. डायस्पोरा म्हणजे पांगलेल्यांचे एकमेकांशी असलेले नाते. पोर्ट लुईचा मराठी माणूस आणि शिकागोचा मराठी माणूस ह्यांचा महाराष्ट्राशी काय संबंध, हे सांगायला आपल्याकडे शब्द आहेत. त्या दोघांचा परस्परांशी काय संबंध, हे सांगायला नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी १९८१ साली एकत्र येऊन बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले, तेव्हा गावोगावची विखुरलेली माणसे प्रथम एकमेकांना बांधली गेली. दाणे जेथे पडले तेथे रुजले आणि त्यांनी परस्परांची विचारपूस सुरू केली, म्हणजे तो डायस्पोरा. ही कसोटी लावली तर शब्द वापरण्याजोगा राहतो. नुसते दूर असणे पुरेसे नाही. तेवढ्यासाठी ‘परदेशी असतो’ हे दोन शब्द आपल्या आजीपासून चालत आलेले आहेत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की शब्द घ्यावा, पण आपले शब्द काढून टाकून त्यांच्या जागी घेऊ नये. जेथे पांगलेल्यांच्या परस्पर बंधाविषयी बोलावयाचे असेल तेथे ‘डायस्पोरा’ म्हणावे आणि निःशंक म्हणावे. जेथे माणूस घराबाहेर का पडला हे सांगावयाचे असेल तेथे मात्र आपल्या जुन्या शब्दांपैकी जो खरा असेल तोच वापरावा, मग तो कानाला कितीही कटू लागो. गिरमिटियाला गिरमिटिया म्हणण्यात त्याचा अपमान नाही. त्याला सर्वसमावेशक शब्दात लपवण्यात आहे. आणि धरणग्रस्ताला तो केवळ जिल्ह्याबाहेर गेला, देशाबाहेर नाही, म्हणून विखुरलेल्यांच्या गणतीतून वगळणे हा तर उघड अन्यायच आहे.

ह्या दिवाळीत वाचकांनी एक खेळ करून पाहावा. घरातल्या, भावकीतल्या, ओळखीच्या दूर गेलेल्या माणसांची नावे एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे एकच मराठी शब्द लिहावा : हा का गेला? आजोबा-आजींना विचारल्याशिवाय काही रकाने भरणार नाहीत. कोणाच्या पुढे ‘शिक्षणाला’ येईल, कोणाच्या पुढे ‘दुष्काळात’, कोणाच्या पुढे ‘भांडून’, आणि एखाद्याच्या पुढे काय लिहावे ह्यावर सारे घर क्षणभर गप्प होईल. तो कागद पुरा झाला, की मग त्याच्या माथ्यावर ‘आमच्या घराचा डायस्पोरा’ असे खुशाल लिहावे. त्या शब्दाखाली तेव्हा खरी माणसे असतील.